जन्मस्थळ: चिपळूण

माझा जन्म १९८१ चा, मस्कतचा. मे २०१६ मध्ये अमेरिकेच्या डायव्हर्सिटी व्हिसाच्या सोडतीत माझं नाव निघालं आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मुंबईला मुलाखत झाली. मधलं वर्ष शाळेचे कागद गोळा करण्यात गेलं. त्या वर्षात जे उमगलं, ते उमगलं त्याच क्रमाने लिहिते आहे.

१. भारतीयांना ही लॉटरी नसतेच, असं मीही लोकांना ठासून सांगत असे. ते चुकीचंही नाही. ज्या देशातून मागच्या पाच वर्षांत पन्नास हजारांहून जास्त लोक अमेरिकेत कायमचे राहायला गेले, त्या देशाचं नाव यादीत नसतं, आणि आपलं कधीचंच नाही. पण सोडतीला पासपोर्ट कुठला याच्याशी देणंघेणं नाही. जन्म कुठे झाला एवढंच ती विचारते. बाबा तेव्हा मस्कतला नोकरीला होते. मी दुसरीपर्यंत तिथे शिकले आणि १९८९ मध्ये आईबरोबर चिपळूणला आले ती आलेच. मस्कतचं मला आठवतं ते संध्याकाळी तापलेल्या गच्चीवर मारलेल्या पाण्याचा वास. इतकीच ओळख उरलेल्या गावाने मला या रांगेत आणून उभं केलं.

२. नाव निघालं म्हणजे व्हिसा मिळाला, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. सासूबाईंनी तर पेढे वाटले. प्रत्यक्षात वर्षाला व्हिसे साधारण पन्नास हजार आणि निवडलेली नावं त्याहून कितीतरी जास्त. आपला क्रमांक यायची वाट बघायची, आणि सगळं ३० सप्टेंबरच्या आत उरकायचं. त्या तारखेनंतर त्या वर्षाची निवड संपली, पुढच्या वर्षी तिचा काही उपयोग नाही.

३. मी एम.एस्सी. आहे, पण मला सिद्ध करायची होती ती बारावी. हे पचायला वेळ लागला. फाईल लावताना मी पदव्युत्तर पदवी सगळ्यात वर ठेवली होती, मग बी.एस्सी., मग बी.एड. नियम नीट वाचला तर त्यात एवढंच होतं: बारा वर्षांचं शालेय शिक्षण पूर्ण केलेलं हवं. ते नसेल तर ज्या कामाला निदान दोन वर्षांचं प्रशिक्षण किंवा अनुभव लागतो, अशा कामाचा गेल्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव. मग मी बोटांवर वर्षं मोजली. दोन मस्कतची, पाच गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली, तीन चिपळूणच्या हायस्कूलमधली, दोन त्याच शाळेच्या ज्युनिअर कॉलेजातली. बारा. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आमची अकरावी मॅट्रिक. मी असतो तर बसलोच नसतो." माझा चुलतभाऊही मस्कतलाच जन्मलेला. त्याने दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला. मोजली तर त्याची तेरा वर्षं होतात. पण ती बारावीच्या बरोबरीची धरायची की नाही, हे मुलाखत घेणारा अधिकारी ठरवणार. म्हणून त्याने अर्जच भरला नाही. त्याच्या निर्णयाबद्दल मला आजही वाईट वाटतं.

माझ्या नवऱ्याने मात्र तीन रविवार माळा उपसून स्वतःची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं काढली. शिक्षणाची अट फक्त ज्याचं नाव निघतं त्याला असते, जोडीदाराला नाही, हे मला नंतर कळलं. ती पुस्तकं लेकीने खूप आवडीने वाचली.

४. बारावीची गुणपत्रिका मी अठरा वर्षं कुणाला दाखवली नव्हती. १९९९ ची परीक्षा. मेडिकलला जायचं हे घरात ठरलेलं होतं आणि मला सहाशेपैकी ३५१ गुण पडले. फिजिक्सला ४१. निकालाच्या दिवशी आईने ती घडी घालून कपाटात ठेवली आणि त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पुढे मी पहिल्या वर्गात पदव्या घेतल्या, शिक्षिका झाले, बारावीच्या मुलांना शिकवलं. तरी तो कागद आठवला की पोटात कसंसं व्हायचं. आता तोच कागद अख्ख्या घराला घेऊन जाणार होता, आणि त्यावरचा फिजिक्सचा आकडा कोणी विचारणारही नव्हतं. 'उत्तीर्ण' या एका शब्दाची किंमत मी आयुष्यात पहिल्यांदा केली. माझ्या वर्गात काठावर पास झालेल्या मुलांना मी काय काय बोलले असेन, हेही त्या दिवशी आठवलं.

५. जपून ठेवलेला कागद शाबूत असतोच असं नाही. जुलै २००५ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्यात आमचं घरही होतं. वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर आईने कपाटातले कागद एकेक सोडवून दोरीवर वाळत घातले आणि पुन्हा भिजू नयेत म्हणून लॅमिनेट करून आणले. तिने मायेने केलं. पण गुणपत्रिकेवरचा शिक्का पाण्याने पसरलेला, प्रमाणपत्रावरचं आडनाव अर्धं गेलेलं, आणि वरून प्लास्टिक. काढायला गेलं तर शाई प्लास्टिकबरोबर निघून येत होती. दोन्हींच्या दुय्यम प्रतींसाठी शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज केला. आमच्या वेळी रत्नागिरी जिल्हा कोल्हापूर विभागात होता, कोकण मंडळ पुढे वेगळं झालं. त्यामुळे अर्ज नक्की कुठे द्यायचा यातच पहिला आठवडा गेला. ते लॅमिनेट केलेले कागद मी टाकलेले नाहीत. आईच्या हाताचे आहेत.

६. खरा घोळ शाळा सोडल्याच्या दाखल्यात निघाला. दाखला लागेलच असं नव्हतं, पण सलग बारा वर्षं दाखवायला बरा म्हणून काढायला गेले. त्यावर लिहिलेलं होतं: जन्मस्थळ चिपळूण, तालुका चिपळूण, जिल्हा रत्नागिरी. मी उभ्या जागी गार पडले. मस्कतचा जन्म हा माझा या सोडतीतला एकुलता एक आधार, आणि माझीच शाळा सही-शिक्क्यानिशी सांगत होती की मी चिपळूणला जन्मले.

हायस्कूलने ते प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून उतरवलं होतं, आणि प्राथमिक शाळेत माझं नाव घालायला गेले होते आजोबा. आईला विचारलं. ती म्हणाली, "गुरुजींनी विचारलं, मुलगी कुठली? आजोबा म्हणाले, चिपळूणची."

मी बराच वेळ गप्प बसले. आजोबा खोटं बोलले नव्हते. आपल्याकडे 'कुठली' म्हटलं की कोणी दवाखान्याचं नाव सांगत नाही. घर सांगतो, देव सांगतो, नदी सांगतो. परदेशातून आलेल्या, मराठी अडखळत वाचणाऱ्या आठ वर्षांच्या नातीला त्यांनी एका शब्दात गावाची करून टाकलं होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

७. मोह होतो, आणि आपण समजतो तितके आपण त्याच्यापासून लांब नसतो. एका एजंटाने सांगितलं, "नवा दाखला करून देतो, जन्मस्थळ मस्कत. कोण बघायला जातंय चिपळूणला?" मी त्याला हाकलून दिलं, असं लिहायला बरं वाटलं असतं. मी त्याला किंमत विचारली. रात्रभर त्या आकड्याचा विचार केला. खोटा कागद पुढे केला आणि पकडला गेला तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं, हे मला माहीत होतं, पण मला थांबवलं त्याने नव्हे. सकाळी वर्गात हजेरी घेताना माझ्यासमोर मस्टर होतं आणि हातात पेन होतं. त्या मस्टरवर मी रोज सही करते. दुसऱ्या कुठल्या शाळेच्या रजिस्टरातली ओळ पैसे देऊन बदलून घ्यायची, हे मला तिथे उभं राहून जमेना. दुपारी एजंटाला नाही म्हणून सांगितलं.

८. रजिस्टर सांभाळणाऱ्या माणसांकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. हायस्कूलच्या हेडक्लार्कना मी विनवून म्हटलं, भाऊ, एवढी एक ओळ दुरुस्त करा. त्यांनी चष्मा काढला. "ताई, शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या नोंदीला मी हात लावू शकत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रकरण करावं लागेल, आणि तुमच्याकडे तेवढे दिवस नाहीत." मग थोडं थांबून म्हणाले, "पण पहिल्या शाळेचं जनरल रजिस्टर बघितलंत का? दाखल्यावर सगळे रकाने उतरत नाहीत."

त्यांच्या मागच्या कपाटात पाठीवर साल घातलेली जाडजूड रजिस्टरं होती. काहींची पानं लाटांसारखी वाकडी झालेली. मी त्याकडे बघते आहे हे पाहून शिपाईमामांनी सांगितलं, पुरानंतर भाऊंनी आणि त्यांनी ती पानं वर्गातल्या बाकांवर उलगडून, मध्ये रद्दी घालून, पंख्याखाली पंधरा दिवस वाळवली होती. एकेक पान. चिकटलेलं पान पट्टीने सोडवायचं, ओढायचं नाही. मी त्या पंधरा दिवसांत गावाला येऊन आईला मदत करून परत गेले होते. समोरच्या शाळेत काय चाललंय, हे विचारायचं सुचलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेले. शाळा टेकावर, पूर तिथे पोचला नव्हता. मुख्याध्यापिका बाईंनी लाल कापडाचं बासन सोडलं. जून १९८९. गुरुजींचं टपोरं, उजवीकडे झुकलेलं अक्षर. जन्मस्थळ: चिपळूण. आणि त्याच ओळीत चार रकाने पुढे, पूर्वीची शाळा: मस्कत, इयत्ता दुसरी उत्तीर्ण. कुठल्याच दाखल्यावर न उतरलेली ती चार शब्दांची नोंद अठ्ठावीस वर्षं त्या कापडात गुंडाळलेली होती. बाईंनी रजिस्टरचा उतारा हाताने लिहून दिला, सही केली, शिक्का मारला, आणि शिक्का पुसट उठला म्हणून पुन्हा सगळा लिहून काढला.

९. बायकांच्या कागदांत एकच बाई दोन-तीन नावांनी राहत असते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि त्याचं आडनाव. मधला पूल म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. लग्नात तांदळावर सासरचं नवं नाव काढायचा आग्रह झाला तेव्हा मी नाही म्हटलं होतं. सासूबाई दोन महिने दुखावल्या होत्या. पहिलं नाव सगळीकडे एकच राहिलं, त्याचा उपयोग असा होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. लग्नात नाव बदललेल्या माझ्या मैत्रिणीला राजपत्र काढावं लागलं.

१०. भाषांतर करणाऱ्याला आपला कागद परका असतो, त्याच्याजवळ बसावं लागतं. मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून हवं होतं. पहिल्या खर्ड्यात 'इयत्ता दुसरी उत्तीर्ण' चं 'दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण' झालं होतं. मी चार वेळा ताडून पाहिलं.

११. ज्या प्रश्नाची वर्षभर भीती बाळगली, तो प्रश्न दोन मिनिटांत संपला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत सकाळी रांगेत उभे राहिलो. माणशी ३३० डॉलर भरले. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. खिडकीपलीकडे तरुण अधिकारी होती. उजवा हात वर करून खरं सांगेन अशी शपथ घेतली. तिने आधी बारावीचं प्रमाणपत्र मागितलं, मग गुणपत्रिका. 'दुय्यम प्रत' का, विचारलं; मी पुराचं सांगितलं. ओमानचा जन्मदाखला पाहिला, भाषांतर पाहिलं. मग शाळेचा दाखला हातात घेऊन म्हणाली, यात जन्म चिपळूणचा आहे.

मी आजोबांची गोष्ट सांगितली. पाठ केलेलं निवेदन होतं, तेही विसरले; जसं आईने सांगितलं तसंच सांगितलं. गुरुजींनी काय विचारलं, आजोबा काय म्हणाले. मग बाईंनी लिहिलेला उतारा काचेखालून सरकवला. तिने तो भाषांतराशेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवत वाचला. एम.एस्सी.ची पदवी फाईलमध्येच राहिली. थोड्या वेळाने तिने मूळ कागद एकेक करून परत दिले आणि सांगितलं की व्हिसा मंजूर करते आहे.

बाहेर येऊन मोबाईल परत मिळाला तसा पहिला फोन आईला केला आणि दुसरा हेडक्लार्कभाऊंना. त्यांनी अभिनंदन केलं, लेकीच्या शाळेचं विचारलं. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "ताई, एक विचारू? आजोबांवर काही ठपका नाही ना आला?"

"नाही भाऊ," मी म्हटलं. "त्यांचं म्हणणं धरलं त्यांनी."

"मग झालं," ते म्हणाले.