शेवटच्या गड्याच्या चालीने

सह्याद्रीतल्या वाटा सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. आनंद पाळंद्यांचं 'डोंगरयात्रा' तर आमच्या पिढीने पानं सुटेस्तोवर वापरलं. वाट कुठून फुटते, पाण्याचं टाकं कुठे आहे, खिंड कुठल्या सोंडेमागे लपली आहे, सगळं त्यात मिळतं. बरोबरचा मित्र अर्ध्या चढात मटकन खाली बसला आणि "तुम्ही जा पुढे" म्हणाला तर काय करायचं, ते मात्र ज्याचं त्यालाच शिकावं लागतं. कॉलेजात असताना स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी पकडायची सवय लागली, ती पन्नाशी उलटली तरी सुटलेली नाही. मंडळीही बरीचशी तीच आहेत, गुडघे तेवढे बदलले. पावसात, उन्हात, थंडीत या मंडळींबरोबर चालताना जे कळलं ते इथे लिहिते आहे. क्रमाला अर्थ नाही, आठवेल तसं.

१. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे.

म्हणजे म्होरक्याच्या लगेच मागे. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि पहिल्याच चढाला सगळे तो विसरतात. पुढचे लोक दहा मिनिटं बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. मागचा धापा टाकत पोहोचतो तेव्हा "आलास? चला!" म्हणत ते उठलेले असतात. ज्याला विसाव्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला तो येत नाही. दोन तासांत तो चिडतो, मग ओशाळतो आणि पुढच्या वेळी "घरी पाहुणे आहेत" असं सांगतो. त्याला पुढे घातलं की सगळ्यांचा वेग आपोआप बसतो.

शेवटचा गडी मात्र आधी ठरवलेला हवा. त्याला वाट माहीत हवी, औषधांची पिशवी आणि टॉर्च त्याच्याकडे हवी आणि त्याने कुणाच्याही पुढे जायचं नाही. आमच्यात हे काम बँकेत नोकरी करणारी मैत्रीण करते. दर फाट्याला ती डोकी मोजते. हिशेब लागल्याशिवाय हलू देत नाही.

२. घसरायला पाऊसच लागतो असं नाही.

आपला कातळ बेसाल्टचा. कोरडा असताना त्यावर बुटाची पकड इतकी छान बसते की माणूस नको तेवढा धीट होतो. श्रावणात त्याच कातळावर पाय ठरत नाही. हिरवं शेवाळ डोळ्यांना दिसतं, म्हणून आपण ते टाळतो. फसवतो तो काळपट बुळबुळीत थर, कारण तो शेवाळ वाटतच नाही, नुसता ओला दगड वाटतो. तिथे टाच रोवायला जायचं नाही. अख्खा तळवा टेकवायचा आणि दगडाचा खरबरीत भाग शोधत जायचं.

मग पाऊस सरतो, लोक निर्धास्त होतात आणि डिसेंबरात वाळून आडव्या पडलेल्या गवतावरून घसरतात. तिरक्या उतारावर हे गवत शेवाळाच्या वरताण आहे. उन्हाळ्यात घसारा. मुरमावरचे सुटे खडे बुटाखाली गोट्यांसारखे फिरतात आणि उतरताना पुढच्याच्या डोक्यावर जातात, म्हणून तिथे एकाखाली एक उभं राहायचं नाही. मी पाहिलेले बहुतेक लोक उतरतानाच पडले आहेत. चढताना सगळं लक्ष पायांकडे असतं, उतरताना ते चहाकडे गेलेलं असतं.

राजगडावर भर पावसात आम्ही गुंजवण्याच्या बाजूने चोर दरवाज्याने जात नाही. लांबून यावं लागलं तरी पाली दरवाज्याची पायऱ्यांची वाट धरतो. आधारासाठी झुडूप धरायचं तर मुळाजवळ, आणि हात टाकण्याआधी नीट बघून. हिरवा चापडा फांदीवर तासन्‌तास हलत नाही, आणि तो विषारी आहे.

३. ओढ्याशी घाई करायची नाही.

घाटातले ओढे झटकन फुगतात. उतार तीव्र, माती पातळ आणि खाली कातळ, त्यामुळे पाण्याला मुरायला जागाच नसते. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि मागच्या डोंगरावर धो धो कोसळत असतं. ज्या कारणाने ते फुगतात त्याच कारणाने लवकर ओसरतातही, हे मला रतनवाडीच्या एका मामांनी दाखवलं.

रतनगडावरून आम्ही रतनवाडीकडे उतरत होतो. या वाटेवर प्रवरेचा ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारी मांडीला लागेल इतकं झालेलं. रंग तांबूस, वर पानं आणि काटक्या वाहताहेत आणि तळातून एक दबका गडगडाट, दगड लोळत असल्याचा. आमच्यातल्या दोघांनी दोर काढलाही होता. एकाची सकाळी नऊला मीटिंग, दुसरीच्या मुलीची परीक्षा. मामांनी दोराकडे पाहिलंसुद्धा नाही. पाण्याला अगदी टेकून त्यांनी एक दगड ठेवला, बाजूला बसले आणि बिडी पेटवली. "बसा ताई. पानी उतारल, मग जाऊ."

थोड्या वेळाने दगड बुडाला. आमचे चेहरे पडले, मामांचा काही पडला नाही. पाऊस उघडला. दगडाचं टोक दिसायला लागलं, मग अख्खा दगड दिसला, मग पाणी त्याच्यापासून हातभर मागे सरकलं. गडगडाट थांबला होता, हे त्यांनी सांगितल्यावर आमच्या लक्षात आलं. मग बूट न काढता, सॅकचे कमरेचे पट्टे सोडून, एकमेकांचे दंड धरून, प्रवाहाकडे तोंड करून तिरके पलीकडे गेलो. पट्टा सोडायचा अशासाठी, की पाय सुटलाच तर सॅक टाकून देता यावी. मीटिंगवाल्याने दुसऱ्या दिवशी काय कारण सांगितलं कोण जाणे.

४. छत्री घरी ठेवा.

वारा ती उलटी करतो आणि एक हात अडकून राहतो. रेनकोट चढावर आतून घामाने भिजवतो. एकदा भिजायचं हे मान्य केलं की डोकं शांत राहतं. कोरड्या कपड्यांचा एक जोड दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून सॅकच्या तळाशी ठेवायचा. तो मुक्कामाच्या जागीच उघडायचा, कुणी कितीही गयावया केली तरी.

५. खरी थंडी पावसाळ्यात वाजते.

डिसेंबरात आपण स्वेटर, कानटोपी घेऊन जातो, शेकोटीच्या गोष्टी करतो. जुलैत टी-शर्टवर निघतो. उंचीबरोबर तापमान हजार मीटरला साधारण सहा अंशांनी उतरतं. कळसूबाईचा माथा 1646 मीटरवर आहे आणि तिथे पावसाळी वारा सुटलेला असतो. ओल्या कपड्यांतून तो वारा अंगातली ऊब ओढून नेतो. त्यातच रविवारी लोखंडी शिड्यांशी रांग लागते. चालताना काही वाटत नाही, रांगेत उभं राहिलं की दात वाजायला लागतात. कुणी कुडकुडत असेल, बोटांनी चेन लावता येत नसेल, तर चेष्टा नको. आडोशाला नेऊन कोरडं घालायचं, गोड काहीतरी खायला द्यायचं आणि खाली वळायचं. शिखर पुढच्या महिन्यातही 1646 मीटरवरच असणार आहे.

६. बोलका माणूस गप्प झाला की थांबा.

उन्हाळ्यात राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने बाहेर पडून तोरण्याकडे जायचं, तर धारेवरून मोठी चाल आहे आणि सावली नावालाच. आम्ही पहाटे चारला निघतो. अकरा वाजले की मिळेल त्या झाडाखाली. वरच्या टाक्यांत पाणी असेल या भरवशावर एप्रिल-मेमध्ये कुणी निघू नये.

आमच्यातला डॉक्टर सांगतो की तहान लागल्यावर पिणं म्हणजे उशीरच, आणि घामातून मीठही जातं, तेव्हा नुसतं पाणी ढोसून भागत नाही. लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस हवंच. पण त्याच्या सगळ्या लक्षणांपेक्षा मला एक खूण जास्त उपयोगी पडली आहे. दर गटात एक अखंड बडबड करणारा असतो. त्याचे विनोद थांबले, तो उत्तरं एका शब्दात द्यायला लागला, साध्या वाटेवर ठेचकाळला, की त्याला सावलीत बसवायचं, बूट-मोजे काढायचे, मानेवर ओलं फडकं ठेवून वारा घालायचा. तो "काही नाही, ठीक आहे" म्हणेल. ऐकायचं नाही. असंबद्ध बोलायला लागला तर मात्र हे घरगुती काम राहिलं नाही, लगेच मदत बोलवायची.

७. धुक्यात शहाणपण म्हणजे उभं राहणं.

खिरेश्वराहून टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाताना टेकड्यांमागून टेकड्या येतात. धुक्यात त्या सगळ्या सारख्या, आणि पावसाळी गवतात ढोरवाटा खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या दिसतात. (खरी वाट ओळखायची माझी खूण सांगायला लाज वाटते. बिस्किटाचा कागद.) पाच मिनिटांत ओळखीचं काही दिसलं नाही, तर जिथे शेवटचं ओळखीचं दिसलं होतं तिथे परत. "असं आडवं गेलं की लागेल वाट" हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याला गप्प बसवावं, तो कितीही अनुभवी असो. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवावा, पण त्यावरचा निळा ठिपका दहा-वीस मीटर इकडेतिकडे होतो आणि कोकणकड्याशी दहा मीटर फार असतात. कडा बघायला धुक्यात जाऊच नये. स्वच्छ हवेतही पोटावर पडूनच खाली डोकवावं.

शिटी सगळ्यांच्या गळ्यात हवी. हाका वाऱ्यावर विरतात.

८. बायकांनी "आडोसा हवा" हे मोठ्याने म्हणावं.

कितीतरी मुली पाणी कमी पितात, कारण पठारावर आडोसा नसतो आणि सांगायचा संकोच वाटतो. मग त्यांचंच डोकं दुखतं, त्यांच्याच पायात गोळे येतात. आम्ही फार पूर्वीच ठरवून टाकलं. "दहा मिनिटं" असं कुणी म्हटलं की पुरुषांनी पुढच्या वळणापर्यंत जायचं आणि तिथे थांबायचं. दोघींनी ओढणी धरायची. पॅड वगैरे कागदात गुंडाळून परत आणायचं. एवढं साधं आहे हे, आणि तरी नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला आम्हाला ते पहिल्यांदा सांगावं लागतं.

९. वीज चमकली की आकडे मोजा.

वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट आला तर माथा, बुरुज, झेंड्याचा लोखंडी खांब, एकटं झाड सगळं सोडून खाली सरकायचं, आणि एकत्र न बसता अंतर ठेवून बसायचं.

१०. अत्तर लावून गडावर येऊ नये.

कड्यांना आग्यामोहोळं असतात. भडक वास, धूर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. ज्याला स्पीकर लावून गाणी ऐकायची आहेत त्याने घरीच ऐकावीत, असं मी मधमाशांच्या वतीनेही म्हणू शकते.

११. सगळ्यात घाबरलेल्या माणसाचं मत शेवटचं.

हे आम्ही सर्वांत उशिरा शिकलो, आणि माझ्या मते बाकी सगळं याच्या मागे येतं. डोंगरात बहुमताने निर्णय घेता येत नाहीत. आठ जण "जमेल रे" म्हणतात, नववा कातळटप्प्याखाली उभा राहून वर बघत असतो आणि त्याचा पाय लटलटत असतो. आग्रहाने त्याला वर चढवता येतं, पण त्याला तिथूनच खाली उतरायचंही असतं. म्हणून आमच्यात एकाने "मला नको" म्हटलं की तो टप्पा सगळ्यांचा संपला. कारण विचारायचं नाही. पुढच्या ट्रेकला टोमणाही मारायचा नाही, हे जास्त अवघड.

दुसरं, परतीची वेळ पायथ्याशीच ठरवायची, पोट भरलेलं आणि डोकं थंड असताना. दोन वाजता जिथे असू तिथून मागे. वर गेल्यावर शिखर नेहमीच "अजून वीस मिनिटांवर" असतं. पायथ्याच्या गावात कुणाला तरी सांगून निघायचं की आम्ही एवढे जण, या वाटेने, अमुक वेळेला येतो. काही झालंच तर लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारखी पथकं धावून येतात, पण पथकाच्या आधी पोहोचतात ती त्या गावातलीच पोरं, बांबूला चादर बांधून.

पावसाळ्यात धबधब्यांच्या जागी जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. त्यांना वळसा घालून जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की त्यांना शोधायला याच पोरांना जावं लागतं.

१२. गावातल्या जेवणाचं आदल्या दिवशी कळवावं आणि भाव करू नये.

ओल्या लाकडावर चूल फुंकून मावशी पंधरा माणसांच्या भाकरी थापते, तेव्हा "पिठलं अजून असेल ना?" विचारण्याआधी घरातले जेवलेत का ते विचारावं. सॅकमध्ये मात्र स्वतःच्या दशम्या आणि तिळाची चटणी असावीच. दशम्या दोन दिवस टिकतात.

१३. ट्रेक पायथ्याशी संपत नाही.

एसटीऐवजी गाड्या आल्यापासून हा मुद्दा वाढला. गाडी चालवणारा आपल्याइतकाच दमलेला असतो आणि मागची सीट खुशाल झोपते. चालवणारे दोन हवेत. वेल्ह्याहून येताना नसरापूरला चहासाठी थांबायचं, कुणाला नको असला तरी. चालवणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याने पुण्यापर्यंत जागं राहून बोलत राहायचं. घोरताना सापडला तर खेड शिवापूरचा टोल त्याने द्यायचा.