लहान कुत्र्याचे शिक्षण

घरात कुत्र्याचे पिलू आले की दोन दिवसांतच घरातील प्रत्येक जण त्याचा शिक्षक होऊन बसतो. आई त्याला एक सांगते, धाकटा भाऊ दुसरे, आणि शेजारचे काका तिसरेच. आठवड्याने मग सर्वांचा निकाल मात्र एकच लागतो: पिलू मठ्ठ आहे! वस्तुतः पिलू मठ्ठ नसते. त्याची शाळा अव्यवस्थित असते.

कुत्रे शिकते म्हणजे नेमके काय होते, हे प्रथम पाहू. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह हे कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करीत असत. पचनक्रियेवरील कार्याबद्दलच त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोग चालू असता असे दिसून आले की, अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, ते आणणाऱ्या माणसाची नुसती चाहूल लागताच कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटते. एका गोष्टीपाठोपाठ दुसरी वारंवार आली, म्हणजे पहिली ही दुसरीची खूण ठरते. अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक ह्यांनी १८९८ साली दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगांची हकीकत प्रसिद्ध केली. मांजरांना व कुत्र्यांना ते पेटाऱ्यात कोंडीत आणि बाहेर खाणे ठेवीत. ज्या हालचालीने दार उघडे, ती हालचाल पुढच्या खेपांना अधिकाधिक लवकर घडे. निष्फळ धडपड हळूहळू गळून पडे. घरच्या कुत्र्याला शिकविण्याची सारी विद्या ह्या दोन गोष्टींत सामावलेली आहे.

आता पहिला धडा घेऊ, खाली बसण्याचा. उकडलेल्या अंड्याचा अथवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा चिमटीत धरून पिलाच्या नाकाजवळ न्यावा आणि तेथून सावकाश डोक्यावरून मागे सरकवावा. तुकड्याकडे पाहण्यासाठी मान वर जाते आणि मागची बाजू आपोआप जमिनीला टेकते. टेकताक्षणीच ‘शाबास’ म्हणून तुकडा द्यावा. ‘क्षणीच’ ह्या शब्दावर माझा विशेष भर आहे. तुम्ही डबा उघडून खाऊ काढीपर्यंत पिलू उठून शेपूट हलवू लागले असेल, तर बक्षीस उठण्याला मिळाले, बसण्याला नव्हे. पाठीवर हात दाबून बळेच बसवू नये. लहान जातीच्या कुत्र्याची हाडे नाजूक असतात, शिवाय दाबून बसविलेले कुत्रे दाब सहन करावयास शिकते, बसावयास नाही. एका वेळी चार-पाच मिनिटांचा पाठ पुष्कळ झाला. खाऊच्या बाबतीत चॉकलेट, मनुका, द्राक्षे व कांदा ही कुत्र्याला विषासमान आहेत, हे विसरू नये. चांदनी पडव्याला अवघे सुरत घारी खाते. तुपात माखलेली ती घारीही पिलाच्या पोटाला झेपणारी नव्हे.

कृती जमू लागली की मग तिला शब्द जोडावयाचा. येथेच आपल्या सुरतेतील मराठी घरांची खरी परीक्षा आहे. ‘बस’ हा शब्द मोठा सोयीचा वाटतो. परंतु तो आपण दिवसभर किती अर्थांनी वापरतो पाहा! पाहुण्याला ‘बसा’ म्हणतो, पानावर वाढणाऱ्याला ‘बस, बस, पुरे’ म्हणतो, गुजराती शेजारीही ‘पुरे’ ह्या अर्थी ‘बस’च म्हणतात, आणि शाळेला उशीर झाला की ‘बस चुकली’ अशी ओरड होते. पिलाने ह्यांतील कोणत्या हाकेला टेकावे? निष्फळ ठरलेली खूण पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांनीही कालांतराने सोडून दिली होती. म्हणून एखादा कमी वापरातला शब्द निवडावा, व त्याच्या जोडीला हाताची एक ठराविक खूण ठेवावी. हाताची खूण कुत्र्याला चांगली उमगते. कोलकात्याजवळील एका विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांना कोणी कधी शिकविले नव्हते अशी रस्त्यावरची कुत्रीही, जवळ येण्यास धजावली म्हणजे, माणसाने बोट दाखविलेल्या भांड्याकडेच बहुतेक वेळा जात.

भाषांचा प्रश्न याहून गमतीचा आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. तेथील आजी पिलाला अहिराणीत ‘आठे ये’ म्हणेल, मुले मराठीत ‘ये’ म्हणतील, शेरीतील सवंगडी गुजरातीत ‘आव’ म्हणतील. आणि माझ्यासारख्या कोकणी माणसाच्या तोंडून ‘हांगा यो’ निघून जाईल. कुत्र्याला भाषाभेद कळतच नाही, असे मात्र समजू नका. लॉरा क्वाया ही संशोधिका आपल्या कुत्र्यासह मेक्सिकोहून हंगेरीत राहावयास गेली. तिने व तिच्या सहकाऱ्यांनी बुडापेस्ट येथे अठरा कुत्र्यांना स्पॅनिश व हंगेरियन भाषांतील वाचन ऐकविले आणि त्यांच्या मेंदूंची चित्रे घेतली. ओळखीची भाषा व परकी भाषा ह्यांचा भेद मेंदूत उमटलेला दिसला. २०२२ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. परंतु भाषा निराळी आहे हे जाणवणे वेगळे आणि चार शब्दांचा अर्थ एकच हे कळणे वेगळे. कुत्रे चार शब्दही शिकू शकेल. मात्र त्याला चौपट श्रम पडतील. तेव्हा घरातील सर्वांनी एकत्र बसून एक हाक ठरवावी आणि ती कागदावर लिहून भिंतीला लावावी. मला विचाराल तर ती हाक आजीची असावी. दुपारी सर्व जण शाळेत व कामावर गेल्यावर पिलाजवळ तीच असते, आणि ह्या वयात तिची जीभ वळविण्यापेक्षा आपली वळविणे सोपे.

हात देणे, दोन पायांवर उभे राहणे हे झाले कौतुकाचे खेळ. हाकेला येणे हा खेळ नव्हे. उत्तरायणात १४ जानेवारीला गच्च्यांवरून आरडाओरड होते, दिवाळीत फटाके वाजतात. भ्यालेले पिलू उघड्या दारातून सुसाट रस्त्यावर जाते, आणि रिक्षा व मोटारसायकली त्याच्यासाठी थांबत नाहीत. त्या वेळी साखळी हाती नसते, फक्त हाक असते. म्हणून ह्या एका हाकेला सर्वांत चांगला खाऊ राखून ठेवावा. त्या हाकेने बोलावून पिलाला कधीही रागावू नये, आंघोळ घालू नये की औषध पाजू नये. अशा कामांसाठी आपण उठून त्याच्याकडे जावे. आधी खोलीत, मग गॅलरीत, नंतर लसी पूर्ण झाल्यावर लांब दोरी बांधून शेरीत, असा अभ्यास वाढवीत न्यावा. दहापैकी दहा वेळा ते धावत आले, तरच दोरी सोडावी, आणि तीही फाटक लावलेल्या आवारातच.