लायब्ररीने पडद्यावर बोलू नये

बेळगाव



तुझ्या सेशन लायब्ररीत चूक झाली की संदेश थेट पडद्यावर छापायचा, असं तू ठरवलं आहेस. ते बदल. पीएचपीचंच बघ. सेशनची फाइल उघडता आली नाही तर पीएचपी जो इशारा देते त्यात फाइलचा पूर्ण मार्ग असतो, आणि त्या फाइलच्या नावातच सेशन आयडी असतो. चुका दाखवण्याची सोय चालू राहिली, तर ज्याच्या भरवशावर लॉगिन टिकतं तेच उघड्यावर येतं. शिवाय बफरिंग बंद असेल, तर छापलेल्या मजकुराबरोबर हेडरही निघून जातात. मग नवी कुकी देता येत नाही, लॉगिनच्या पानाकडे वळवताही येत नाही. चूक सांगण्याच्या नादात ती निस्तरायची वाटच बंद होते. म्हणून लायब्ररीने ठरावीक कोडाचं एक्सेप्शन द्यावं, तपशील लॉगमध्ये लिहावा (आयडी गाळून), आणि माणसाशी काय बोलायचं ते ॲपवर सोडावं.

तू म्हणशील, एक इंग्रजी वाक्य लायब्ररीतच असलं तर बिघडलं कुठे? निपाणी तालुक्यातल्या 'ग्राम वन' या सरकारी सेवा केंद्रात एकाच खिडकीपुढे कन्नड वाचणारा आणि मराठी वाचणारा असे दोघेही उभे असतात. वाक्य जुळवून भाषांतर केलंस, तर पुढच्या आवृत्तीत एक स्वल्पविराम हलला तरी ते तुटेल. कोड तसाच राहतो. सुरक्षेसाठी सगळ्याच चुकांना 'काहीतरी चुकलं' म्हणावं, हा दुसरा आक्षेप मात्र मला अजिबात पटत नाही. पीएचपीत सेशनची मूळ मुदत 1440 सेकंदांची, म्हणजे 24 मिनिटांची. सात-बारासारखा उतारा, आधार, बँकेचं पासबुक शोधत लांबलचक अर्ज भरणाऱ्याला ती सहज अपुरी पडते. सेशन संपलं, पुन्हा लॉगिन करा, एवढं सांगण्याने चोराच्या हाती काहीच लागत नाही. डिस्क भरल्यामुळे किंवा परवानगी नसल्यामुळे सेशन लिहिता किंवा वाचता आलं नाही, तर गोष्ट निराळी. तिथे लॉगिनकडे पाठवणं खोटं ठरेल. तो माणूस पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकत बसेल आणि दोष स्वतःलाच देईल. अशा वेळी 503 दे, आणि बिघाड आमच्याकडचा आहे हे त्याच्या भाषेत स्पष्ट लिही. या दोन चुकांचे कोड वेगळे केल्याशिवाय पुढची आवृत्ती काढू नकोस.

तुझा मामा