घर बदलते तेव्हा मुलाचे मन



दीक्षा घेतल्यावर घर बदलते. देव्हारा उतरतो. भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा येते. काही सण थांबतात, वंदना सुरू होते. मोठ्या माणसांनी हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला असतो. पण घरातले सहा-सात वर्षांचे लेकरू सकाळी उठते तर कोपरा रिकामा! ते विचारते, "माय, आपले देव कुठं गेले वं?" आणि उत्तर मिळते, "गप बस, आपण आता बौद्ध झालो." हे उत्तर नव्हे. मुलाला बदल सोसतो, न सांगता केलेला बदल सोसत नाही. आजच्या पाठात एवढीच गोष्ट समजून घ्यावयाची आहे.

१. शुद्धोदनाची विनंती

भगवान कपिलवस्तूला परत आले तेव्हा यशोधरेने राहुलाला पित्याकडे वारसा मागण्यास पाठविले. भगवंतांच्या आज्ञेने सारिपुत्तांनी राहुलाला प्रव्रज्या दिली. आजोबा शुद्धोदन दुःखी झाले. आधी सिद्धार्थ गेला, मग नंद, आता नातूही. पुत्रप्रेम कातडी, मांस, हाडे भेदून आत शिरते, असे त्यांनी भगवंतांना सांगितले आणि आईबापांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये अशी विनंती केली. भगवंतांनी ती मान्य करून संघाला तसा नियम घालून दिला. विनयपिटकात हे नमूद आहे. ध्येय कितीही थोर असो, घरातल्या माणसाच्या मनाला विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, हा त्यातून घ्यावयाचा बोध.

२. साताऱ्याचा भीमराव

बाबासाहेबांची आई भीमाबाई वारली तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे होते. आत्या मीराबाईंनी त्यांना वाढविले. पुढे वडील रामजी सुभेदारांनी दुसरे लग्न केले. लहानग्या भीमरावाला ते रुचले नाही. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्यांनी मनाशी ठरविले. भाड्यासाठी शेजारी झोपलेल्या आत्याच्या कमरेची पिशवी काढण्याचा तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री ती हाती लागली, तर आत फक्त अर्धा आणा! तेव्हा त्यांनी पळून जाण्याचा बेत सोडला आणि अभ्यासाचा निश्चय केला. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे.

विचार करा. दुखावलेले मूल रडतेच असे नाही. ते मुकाट्याने घर सोडण्याचा बेत करते. वर्गात असे मूल शिक्षकाला ओळखू येते. ते एकतर एकाएकी गप्प होते, नाहीतर विनाकारण मारामारी करते.

पण त्याच रामजींनी पुढे मुंबईच्या एका खोलीत स्वतः रात्री दोनपर्यंत जागून मुलाला अभ्यासाला उठविले. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवले. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. बाप आपल्यासाठी जागतो, हे मुलाला दिसले पाहिजे.

३. आपल्या घरी

रामटेकला त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा भरते. शेजारची पोरे गडावर जातात, फुगे-पिपाण्या घेऊन येतात. आपले मूल दारात उभे राहून पाहते. त्याला त्या दिवशी दटावू नका. आपण का जात नाही, ते आधीच चार सोप्या शब्दांत सांगा. एक आनंद काढून घेतला तर दुसरा द्या. बुद्ध पौर्णिमेला खीर करा, घर सजवा, मुलाच्या हातून दिवा लावून घ्या. नुसत्या मनाईने धम्म मुलाला कोरडा वाटेल.

आजी अजून देव मानत असेल तर मुलासमोर तिची टिंगल करू नका. मुलाचे आजीवरही प्रेम असते. दोघांपैकी एकाला निवडण्याची पाळी त्याच्यावर आणू नका.

घरात मृत्यू झाला, दुसरे लग्न झाले, बाप कामासाठी परगावी गेला, तरी हेच. मुलाला बाहेरच्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.

४. पाण्याचे भांडे

भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून भगवंतांनी राहुलाला शिकविले की, जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही त्याच्याजवळ श्रमणत्व तेवढेच उरते. थट्टेतही खोटे बोलू नये, असा तो उपदेश आहे. मग "बाबा घरी नाहीत म्हणून सांग" असे मुलाला शिकविणारे आपण, बागुलबुवाची भीती घालणारे आपण, सकाळी पंचशील म्हणून रात्री दारू पिणारे आपण, याचा विचार करू या. मूल पंचशील पाठ करते ते कानाने, पण शिकते डोळ्यांनी.

येत्या पंधरवड्यात करावयाचे

१) दीक्षा का घेतली, ते मुलाला जवळ बसवून सांगा.
२) मुलाला काय आवडले, काय चुकल्यासारखे वाटते, ते विचारा. मध्ये बोलू नका.
३) रोज वंदनेनंतर थोडा वेळ फक्त त्याच्यासाठी ठेवा.
४) सिगालोवाद सुत्तातील आईबापांची पाच कर्तव्ये कुटुंबात वाचा : वाईटापासून आवरणे, चांगल्याकडे वळविणे, विद्या-कला शिकविणे, योग्य विवाह करून देणे, वेळेवर वारसा सोपविणे.

आपल्या मुलाला आपण कोणता वारसा सोपविणार आहोत, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

जय भीम. सर्वांचे मंगल होवो.