निळ्या कोंबड्याची पिसे का विटतात?

निळा कोंबडा पाळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. हौसेने आणलेले पाखरू काही महिन्यांतच तपकिरी किंवा पितळी दिसू लागते. मग ‘अवलाद भेसळीची निघाली’ असे म्हणून त्याची रवानगी बाजारात होते, आणि ज्याने ते दिले त्याच्या प्रामाणिकपणाविषयीही शंका घेतली जाते. हा निवाडा घाईचा आहे. रंग विटण्याची कारणे अनेक असून ती सारीच रक्तातली नसतात. ती कशी ओळखावी, हे येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ‘निळा’ म्हणजे काय ते पाहू. मोराच्या गळ्याची निळाई येथे अभिप्रेत नाही. पाटीसारख्या राखी-सावळ्या रंगालाच कोंबड्यांच्या बाबतीत निळा म्हणतात. स्पेनमधील अंदालुसिया प्रांताचे नाव धारण करणारी अंदालुसियन ही या रंगाची प्रसिद्ध जात होय. तिच्या पिसांत निळे रंगद्रव्य मुळीच नसते. असते ते काळे मेलॅनिनच, पण विरळ झालेले. ते विरळ करणारा आनुवंशिक घटक आईबापांपैकी एकाकडून आला तर पिल्लू निळे होते, दोघांकडून आला तर मळकट पांढऱ्या अंगावर निळे शिंतोडे उठतात, आणि कोणाकडूनच न आला तर ते काळे राहते. म्हणून निळ्या जोडीच्या पिल्लांत सरासरीने चारांत दोनच निळी, एक काळे व एक शिंतोड्यांचे निघते. मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांप्रमाणेच हे घडते; यात विकणाऱ्याची लबाडी नाही.

आता विटण्याची कारणे.

पहिले कारण ऊन. पूर्ण वाढलेले पीस आपल्या केसांप्रमाणे निर्जीव असते. उन्हाने त्यातील रंग उडाला की तो पुन्हा भरून येत नाही. निळ्या पिसात मेलॅनिन आधीच विरळ, त्यामुळे तपकिरी झाक लवकर नजरेत भरते.

दुसरे कारण आहार. पीस मुख्यत्वे केराटिन या प्रथिनाचे बनते, आणि मेलॅनिन तयार करणाऱ्या एन्झाइमाला तांब्याचा अंश लागतो. टर्कीच्या पिल्लांना लायसिन कमी पडले तर पंखांच्या पिसांवर पांढरे पट्टे उमटतात, हे पोषणशास्त्रात प्रसिद्ध आहे. मक्यात लायसिन थोडे असते. म्हणून नुसत्या मक्याच्या भरड्यावर न भागवता सोयाबीनची पेंड किंवा सुक्या मासळीचा कुटा जोडीला द्यावा.

तिसरे कारण मात्र रक्तातले. सोनेरी-रुपेरी रंगाचा घटक लिंगसूत्रावर असतो. कोंबडीत असे सूत्र एक, तर कोंबड्यात दोन. त्यामुळे एकावर रुपेरी व दुसऱ्यावर सोनेरी अशी जोडी कोंबड्यातच संभवते, आणि झाकलेले सोने त्याच्या मानेवरील व कमरेवरील लांब पिसांतून डोकावते. काळा रंग विरळ करणारा घटक सोनेरी रंगावर फारसा चालत नाही, म्हणून ही झाक लपत नाही. मात्र निळ्या नराची मान व पाठ उरलेल्या अंगाहून गडद असणे स्वाभाविक आहे. तो दोष समजू नये.

परीक्षा सोपी आहे. पंख उलगडून पाहा. उघडा भाग तपकिरी आणि दुमडीखालचा पाटीच्या रंगाचा असेल, तर दोष उन्हाचा. अनेक पिसांवर सारख्याच अंतरावर फिकट पट्टे असतील, तर पीस वाढतेवेळी आहार तुटला किंवा आजार झाला असावा. दोन्ही खुणा नसतील, तर मानेवरील एक पितळी पीस उपटून नवे येऊ द्या. कोंबडा सावलीत असूनही नवे पीस पितळीच उगवले, तर दोष रक्ताचा समजावा आणि निळ्या रंगासाठी त्याची वीण घेऊ नये.

उन्हाने विटलेला कोंबडा मात्र विकण्याची गरज नाही. खुराड्यावर सावली करा आणि वर्षाची पिसे झडून नवी येईपर्यंत धीर धरा. विटलेली पिसे त्याच्या पिल्लांच्या वारशाला येत नाहीत. घरातले चांगले बेणे केवळ वरच्या रंगावरून हातचे घालवणे, आणि त्याबरोबर शेजाऱ्याशी वैर ओढवून घेणे, हे दुहेरी नुकसान आहे. ते टाळायला एक पीस निरखण्याइतका वेळ पुरेसा आहे.