क्यू हातात आला की

परवा फोनवर तुझा आवाज एवढासा झाला होता. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत स्क्रॅबलचा डाव मांडतात, बाकीच्या पटापट शब्द लावतात आणि तू आपली सात ठोकळ्यांकडे बघत बसतेस. वर म्हणालीस, "ताई, आपण मराठी शाळेतल्या गं, मला शब्दच सुचत नाहीत." तेव्हा ऐकून घेतलं. आता माझं ऐक.

शब्द तुला येतात. दिवसभर इंग्रजीत मेल लिहितेस की! पण ते तुझ्या डोक्यात अर्थाप्रमाणे लावून ठेवलेत आणि डावात ते अक्षराप्रमाणे मागतात. हे म्हणजे भांडी ओळखीचीच, फक्त मांडणी दुसऱ्याच्या घरची. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्दांची यादी पाठ केली, अर्थांच्या वाटेला गेलाच नाही. तू असलं काही करू नकोस, पण भाषा कच्ची म्हणून रडायचं आता बंद.

करायचं काय, तर अक्षरांच्या सवयी बघायच्या. एच फारसा एकटा फिरत नाही. सी, एस, टी, पी, डब्ल्यू यांच्यापैकी कुणाच्या तरी मागे उभा असतो. म्हणून एच हातात आला की आधी त्याची जोडी लाव, मग शब्द शोध. के शेवटी आला तर त्याच्या आधी सी ठेवून बघ. शेवटाला आयएनजी, ईडी किंवा ईआर जमतंय का, तेही बघ. जमलं तर ती अक्षरं पट्टीवर उजवीकडे सरकव आणि उरलेल्यांचाच विचार कर. सातांपेक्षा चारांचा विचार सोपा. स्वर एकही नसेल तर वायला हाक मार: लिंक्स, निम्फ, क्रिप्ट, रिदम हे सगळे वायच्याच जिवावर जगतात. आणि ठोकळे हलवत राहा गं! तू एकदा मांडलेस की देव्हाऱ्यातले देव असल्यासारखी त्यांना हात लावत नाहीस.

आता तुझा वैरी, क्यू. तो आला की तू यूची वाट बघत बसतेस, डाव संपतो, आणि हातात उरलेल्या क्यूचे दहा गुण तुझ्याच बेरजेतून वजा होतात. क्यूमागे यू लावायची रीत लॅटिन-फ्रेंचकडून आलेली. जुन्या इंग्रजीत 'क्वीन'सुद्धा सी-डब्ल्यूने लिहीत. मग अरबी आणि चिनी शब्द इंग्रजीत आले, त्यांनी ही रीत पाळली नाही. चिनी 'ची', म्हणजे प्राणशक्ती, लिहितात क्यू-आय. दोनच अक्षरं, गुण अकरा. पण क्यू तिप्पट अक्षराच्या घरात पडला आणि आडवा-उभा दोन्हीकडे 'क्यू-आय' झाला, तर एका फटक्यात बासष्ट! आणि बाकीचे बघ: फकीर, तलाक, कव्वाली, बुरखा. कॉलिन्सच्या स्क्रॅबल-डिक्शनरीत हे चारही क्यूने लिहिलेले आणि क्यूमागे यू नसतानाही चालतात. यातला एक तरी शब्द तुला अनोळखी आहे का?

इथेच मला तुला पकडायचं होतं. इंग्रजी शब्द जेवर संपत नाही, तिथे जीई किंवा डीजीई लागतं. जेवर संपणारे शब्द शोधायला गेलीस तर सापडतात राज, ताज, स्वराज. डी-एचने सुरू होणारे? धोतराचा धोती, धोबी, धर्म, धरणं. लुंगी, रोटी, लाख, साडी, रुपया, सगळे चालतात. 'मंगूस' हा शब्द तर आपल्या मुंगसावरूनच इंग्रजीत गेलाय. आठ अक्षरांचा, म्हणजे बोर्डावरचं एक आणि हातातली सात. लागला तर पन्नास गुण वर. मैत्रिणीनं भुवया उंचावल्या तर खुशाल डिक्शनरी उघडायला सांग. फक्त कोणती डिक्शनरी, हे डाव सुरू व्हायच्या आधी ठरवून घे, कारण अमेरिकेची यादी वेगळी आहे.

एस मात्र जपून. हा खेळ काढणाऱ्या आल्फ्रेड बट्सने वर्तमानपत्राच्या पानावरची अक्षरं मोजून ठोकळ्यांची संख्या ठरवली. ई बारा ठेवले, क्यू एकच. एस मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचनं करत बसला असता. तू दर वेळी तीन गुणांसाठी एस उधळतेस. आर, ई, टी, ए, आय, एन यांच्या सोबतीला तो राखून ठेव. त्या सातांतून रिटेन्स होतो, रेटिनाज होतो, नॅस्टिअरही होतो.

सकाळी तू वर्डल, तो शब्द ओळखायचा खेळ, खेळतेस, तिथे ही सगळी अडगळ नको. जॉश वॉर्डलने तो खेळ आपल्या जोडीदारासाठी, पलक शाहसाठी, बनवला आणि हजारो शब्दांतून ओळखीचे शब्द तिनेच निवडले. म्हणून उत्तर साधंच असतं. शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी आली की तू लाइट, माइट, फाइट, साइट असं एकेक करत बुडतेस. त्याऐवजी 'फिल्म्स' टाक. उत्तर तो नसणारच, पण एफ, एल, एम, एस चारही एका फेरीत तपासून होतात. मग उरतात एट, नाइट, राइट, टाइट. (हार्ड मोड लावला असशील तर ही युक्ती चालायची नाही.)

आणि हो, मोबाइलवर अक्षरं टाकली की शब्द काढून देणारी साधनं असतात, ती तुला माहीत असणारच. डाव संपल्यावर बघ, बेलाशक बघ, मी त्यातूनच शिकले. चालू डावात नाही. मी एकदा टेबलाखाली बघून एक भारी शब्द लावला होता. समोरच्या काकूंनी कौतुकाने अर्थ विचारला. त्यानंतर मी पाणी आणायला म्हणून उठले ती बराच वेळ स्वयंपाकघरातच उभी राहिले.

रविवारी ये. पोहे करते, बोर्ड काढून ठेवते. त्यातला व्हीचा एक ठोकळा हरवलाय, पण व्हीचा दोन अक्षरी शब्दच होत नाही, त्यामुळे मी तो शोधायच्या फंदात पडलेले नाही.