पवारणा आणि कचेरीतील जबाबदारी

वर्षावासाचे तीन महिने संपले की भिक्खुसंघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघासमोर हात जोडून विनंती करतो की, माझ्या हातून दोष घडल्याचे कोणी पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल, तर अनुकंपेने मला सांगावे. संयुत्तनिकायात यावर एक सुत्त आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात सुमारे ५०० भिक्खू बसलेले असताना तथागतांनी प्रथम स्वतःबद्दल विचारले : काया-वाचेने माझे काही निंद्य घडले आहे काय? नंतर सारिपुत्ताने स्वतःबद्दल तेच विचारले. सर्वांत वरचा आधी, त्याच्या खालचा नंतर. आमच्या मते सगळे मर्म या क्रमात आहे. आपल्या कचेऱ्यांत हा क्रम उलटा असतो. झाडाझडती शिपायापासून सुरू होते आणि साहेबांच्या केबिनपर्यंत क्वचितच पोचते.

माणगाव तालुक्यातील आपली मुले विळे-भागाड, महाड, रोहे येथील कारखान्यांत, बँकांत, शाळांत, पंचायत समितीत आहेत. कोणी सुपरवायझर झाले, कोणी शाखाधिकारी. हाताखाली चार माणसे आली की जबाबदारी वाढते, असे सगळेच म्हणतात. ती निसटते कशी, हे मात्र रोजच्या कामात पाहावे लागते. बँकेत व्हाउचर एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने पास करायचे. तिजोरीच्या किल्ल्या दोन, त्याही दोघांकडे. व्यवस्था उत्तम आहे. पण लिहिणारा म्हणतो, साहेब तपासतीलच. आणि साहेब म्हणतात, लिहिणाऱ्याने पाहिलेच असेल. दोन सह्या पडतात आणि कागद कोणीच वाचलेला नसतो! संध्याकाळी हिशेब जुळला नाही की सगळे कॅशियरकडे पाहतात. अशा वेळी 'आधी मी पास केलेली व्हाउचरे काढा' असे म्हणणारा अधिकारी भेटला, तर त्या शाखेत चूक लपवण्याची गरजच कोणाला उरत नाही.

शेजारच्या महाडचा इतिहास आपण दरवर्षी ऐकतो, तोही या अंगाने वाचावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्यांना त्या तळ्याचे पाणी घेता आले नव्हते. ठराव होता, पण तो अमलात आणण्याची जोखीम कोणी उचलली नव्हती. त्या दिवशी बाबासाहेब स्वतः पुढे झाले आणि त्यांनी पाणी प्राशन केले.

आम्हांला त्याहून अवघड वाटतो तो डिसेंबरचा प्रसंग. न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला होता आणि हजारो लोक तुरुंगात जाण्याच्या तयारीने जमले होते. सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय बाबासाहेबांनी २७ डिसेंबरला त्या लोकांसमोर उभे राहून, कारणे देऊन मांडला. टाळ्या मिळतील असा तो निर्णय नव्हता. पुढे खटला चालत राहिला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. आपला तरुण अधिकारी झाला की त्याच्या चुकीकडे दुप्पट नजरा लागलेल्या असतात. इतरांची चूक ती चूक, आणि त्याची चूक मात्र 'यांना जागा मिळाल्या म्हणून'. हा अन्याय आहेच. पण या भीतीपोटी तो चूक झाकू लागतो, सही टाळतो, फाईल पुढच्या टेबलावर सरकवतो. मग एका बोटचुकीचे प्रकरण होते आणि चौकशी लागते. तथागतांनी राहुलाला आरशाचा दाखला दिला तो येथे उपयोगी आहे. कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर, असे तीनदा पाहायचे. आणि अहितकारक घडले असे दिसले तर ते शास्त्याला किंवा जाणत्या सोबत्याला उघड सांगायचे. तेव्हा चूक त्याच दिवशी, लेखी कळवावी. दुसऱ्याने शोधून काढलेली चूक फार महाग पडते.

ही सवय नोकरी लागल्यावर एकदम येत नाही. मुले ती आधी विहारात पाहतात, किंवा पाहत नाहीत. आश्विन पौर्णिमेला वर्षावासाच्या ग्रंथवाचनाची सांगता होते. त्याच दिवशी अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांनी वर्षाचा जमाखर्च, पावतीपुस्तकांसह, सतरंजीवर मांडावा आणि आपल्या कामातील दोष सभासदांना विचारावेत. सुरुवात अध्यक्षांनी करावी. प्रश्न विचारण्याची पहिली संधी महिला मंडळाला द्यावी. वर्गणीसाठी घरोघर त्याच फिरतात.